ओठावरची अंडी

ल्यूबेक, १२ फेब्रुवारी १९७८

प्रिय बाबा,

नाताळचं पार्सल पोचलं असेल असं धरून चालते. तुमचं कार्ड मिळालं. खाली आईने दोन ओळी लिहिल्या होत्या, त्या घसरत घसरत पार कोपऱ्यात गेल्या होत्या. मोतीबिंदू फारच पिकलेला दिसतो. तिला लिहायला लावू नका. पण माझी पत्रं तिला मोठ्याने वाचून दाखवता ना?

आज एकच मागणं आहे. नऊ मेला आईला साठ पूर्ण होतात. आपल्याकडे पूर्व जर्मनीत साठीची बाई निवृत्त, आणि निवृत्त माणसाला सीमेपलीकडे पश्चिमेतल्या नातेवाइकांकडे जायची परवानगी मिळते, हे मी तुम्हांला सांगायला नको. मला उलट यायची सोय नाही. हंगेरीच्या सहलीला म्हणून निघाले आणि परस्पर इकडे आले; आता तिथे पाय ठेवला की थेट तुरुंग. म्हणजे आईनेच यायला हवं. योहाना दोन वर्षांची झाली. फोटोतल्या आजीला रोज पापी देते, काच पुसून पुसून मी दमते. बाबा, तिला पाठवा. माझा जीव तिच्यासाठी तुटतो.

तुमचा राग गेलेला नाही हे ठाऊक आहे, म्हणून तुमच्या आवडीचंही काही लिहिते. परवा इथल्या माशांच्या दुकानात एक मासा पाहिला. वाळूत अर्धा गाडून घेतलेला, चपटा, काटकीसारख्या अंगाचा, आणि शेपटीला चाबकासारखा लांब दोरा. टाकीवर नुसतं ‘दक्षिण अमेरिका’ लिहिलंय, दुकानदाराला जात सांगता येत नाही. तुम्ही ज्यांना चेटकिणी म्हणता त्यांतलाच ना? फोटो सोबत आहे.

तुमची,
गुंडुला


क्रिमिचाउ, ५ मार्च १९७८

गुंडुला,

पार्सल मिळालं. कॉफी बरी होती.

फोटो मात्र अगदी तुझ्यासारखा आहे, वरवरचा. चेटकीण वरून ओळखायची नसते हे तुला सात वर्षांची असताना शिकवलं होतं. पाठ सगळ्यांची सारखीच, तपकिरी चिलखत. जात कळते ती पोटावरून आणि तोंडावरून. ओठावर दाणे आहेत की झालर आहे, पोटावरच्या पट्ट्या कशा बसल्यात, हे बघितल्याशिवाय नाव सांगणारा माणूस थापाड्या समजायचा. पण बघायला वाकावं लागतं, आणि वाकणं तुझ्या स्वभावात नाही.

तरी तो शेपटीचा दोरा पाहिल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. माझा अंदाज खरा असेल, तर ही ती जात आहे जिच्यात नर अंडी ओठावर वागवतो. खालचा ओठ पदरासारखा वाढतो आणि अंड्यांचा घोस त्यालाच चिकटलेला. बिळात नाही, काचेवर नाही, ओठावर. आमच्या सबंध जिल्ह्यात कोणी त्यांची वीण घेतलेली नाही.

तू पळालीस त्याच महिन्यात मत्स्यमंडळाने मला अध्यक्षपदावरून उठवलं. ज्यांना मी पाणी कसं मऊ करायचं ते शिकवलं, त्यांनी हात वर केले. एकटा म्योकेल खाली मान घालून बसला होता. आता माझ्या टाक्या बघायला कुत्रंसुद्धा फिरकत नाही. तुझ्या बिनबापाच्या पोरीचे फोटो तू पाठवतेस, त्यांनी ती खुर्ची परत येत नाही. ही वीण घेतली, तर येईल.

आईला अडवणारा मी कोण? पण मी म्हटल्याशिवाय ती दारातलं पायपुसणंही हलवत नाही, हे तुलाही ठाऊक आहे. मासा कोणता ते नीट सांग. मग बघू.

ए. क्रुमबीगल


ल्यूबेक, २० मार्च १९७८

प्रिय बाबा,

वाकले. दुकानात पोटावर आडवी झाले म्हटलं तरी चालेल. दुकानदाराला वाटलं, बाई चक्कर येऊन पडली.

मी दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस आहे, हे लिहिलंच होतं. तिथला दांडीचा छोटा आरसा खिशात घालून नेला. मासे काचेच्या बरणीत घेतले, बरणी दोन विटांवर ठेवली आणि खाली आरसा धरला. ओठाला झालर आहे, बारीक दोऱ्यांची. मिशा फाटे फुटलेल्या. पोटावर मध्ये बारीक पट्ट्यांची गर्दी, कडेला दोन्हीकडे रुंद पट्ट्यांची रांग. सगळ्यांच्या पोटांचं एक चित्र काढून पाठवतेय. तीन मासे होते, तिन्ही घेतले. आता माझ्या न्हाणीघरात टबात आहेत, आणि मी आणि योहाना स्वयंपाकघरात बादलीत आंघोळ करतो.

आईच्या अर्जाला सुरुवात करा ना. तिचा निरोप काहीच नव्हता तुमच्या पत्रात. एक ओळ तरी तिच्या तोंडची लिहा.

तुमची,
गुंडुला


क्रिमिचाउ, २३ एप्रिल १९७८

गुंडुला,

चित्र चांगलं आहे. तीच जात. पत्र वाचलं आणि मला आरडाओरडा करावासा वाटला, पण करायचा कुणापुढे?

आता नीट वाच. हंगाम नसताना नर आणि मादी वरून सारखेच दिसतात, कारण नराचा ओठ तेव्हा आखूड असतो. पोटाखाली, मागच्या टोकाशी बघायचं. नराचं टोक निमुळतं, मादीचं बोथट. तुझ्या चित्राप्रमाणे तुझ्याकडे एक नर आणि दोन माद्या आहेत. वाळू पिठासारखी बारीक हवी, जाड वाळूने पोट सोलतं. आणि एक नियम कायमचा लक्षात ठेव. अंड्यांनी भरलेल्या मादीला पाण्याबाहेर काढायचं नाही, तिच्याखाली आरसा धरायचा नाही, बोटही लावायचं नाही. घाबरली की ती अंडी टाकते आणि वर्ष फुकट जातं. तीस वर्षांत मी हा नियम एकदाही मोडलेला नाही.

मागच्या खोलीत खिडकीजवळची जागा रिकामी झाली आहे. मोठी टाकी तिथे मांडली. ऊन चांगलं येतं.

म्योकेल आता निवृत्त आहे, जूनमध्ये भावाकडे हाम्बुर्गला जाणार आहे. त्याच्याकडे तिन्ही मासे दे. थर्मासमध्ये घाल, तो कोटाच्या आत धरून आणेल.

आईचा प्रवास मेमध्ये होणार नाही. तिचे गुडघे दुखतात. येऊ नये असं मी म्हणत नाही. कागदपत्रांना वेळ लागतो. शरदात बघू.

आईने आशीर्वाद सांगितलेत.

ए. क्रुमबीगल


ल्यूबेक, २ मे १९७८

प्रिय आई,

हे पत्र बाबा तुला वाचून दाखवतील. बाबा, मध्ये काही गाळू नका हं.

साठ वर्षांची झालीस! मी इकडे मनुकांचा केक करणार आहे, आणि तुझ्या वाटणीचा योहाना खाणार आहे. सोबत लोकरीचं निळं जाकीट आहे. बटणं मोठी लावून घेतलीत, न बघता लावता येतील अशी. तुझं शिवणयंत्र खिडकीतून कुठे हलवलं गं? तिथे बसून तू उन्हात पाय शेकायचीस. बाबांच्या टाक्यांनी शेवटी तेवढाही कोपरा घेतला का?

गुडघ्यांना जप. शरदात यायचंय. मी खाटही आणून ठेवली आहे.

आई, मी निघाले त्या सकाळी तू माझ्या कोटाच्या खिशात हळूच काही ठेवलंस. बाबांना सांगितलं नव्हतंस, मीही कुणाला सांगितलेलं नाही. काय होतं ते आठवतं? बाबांकडून लिहून पाठव. तुझ्या तोंडचं काहीतरी मला हवं आहे.

तुझी,
गुंडे


क्रिमिचाउ, ३० जून १९७८

गुंडुला,

मासे पोचले. एक मादी सीमेवरच्या तपासणीत गारठून मेली, म्योकेलला तासभर कोट काढून उभं केलं होतं. राहिलेली जोडी ठणठणीत आहे. दोघांनी वाळूत अंग पुरलं, नुसते डोळे वर. मी खुर्ची टाकून बसलो होतो, जेवायचं राहिलं.

तू पाठवलेला तो दांडीचा आरसा हे खेळणं आहे, पण असू दे.

जाकीट बसलं. खिशात काय ठेवलं होतं ते आईला आठवत नाही म्हणाली.

पुढच्या वेळी माशांच्या खाण्यासाठी नळीत राहणारे जिवंत किडे नको, त्यांनी पाणी नासतं. वाळवलेल्या अळ्या पाठव.

ए. क्रुमबीगल


ल्यूबेक, १८ जुलै १९७८

प्रिय बाबा,

आठवत नाही? हे वाचून मी जिन्यात बसून रडले. आईला माझ्या पहिलीच्या दप्तराच्या पट्ट्याचा रंग आठवतो. तिचं डोकंही थकलं का? तसं असेल तर सरळ सांगा, मी घाबरणार नाही. खोटं सांगते, घाबरेन. पण सांगा.

म्योकेलकाका हाम्बुर्गच्या आल्टोना स्थानकावर भेटले तेव्हा विचित्रच वागले. आईची चौकशी केली तर टोपी काढून उभे राहिले आणि गाडी सुटेल, गाडी सुटेल म्हणत राहिले. गाडीला अजून बराच अवकाश होता. हातात जिवंत मासे होते म्हणून बावरले असतील.

वाळवलेल्या अळ्या पाठवल्यात. ऑक्टोबरचं तिकीट मी इथून काढू का?

गुंडुला


क्रिमिचाउ, ५ नोव्हेंबर १९७८

गुंडुला,

ऑक्टोबर तर गेला, आता तिकीट काढू नकोस. आधी हे वाच.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला नराचा ओठ वाढू लागला. पाणी थोडं गार केलं, पावसाळ्यात त्यांच्या नदीला नवं पाणी येतं तसं. आणि एका सकाळी पाहतो तर ओठाखाली अंडी! मधाच्या रंगाची, द्राक्षांच्या घोसासारखी. तो घोस घेऊन तो वाळूवर निश्चल बसला होता. अन्न तोंडासमोर टाकलं, बघेना. मधूनमधून ओठ हलवून अंड्यांना ताजं पाणी द्यायचा, की परत स्तब्ध. इतकी माया मी जनावरात पाहिलेली नाही. खोटं का बोलू, माझ्या डोळ्यांना पाणी आलं. असा बाप असावा.

मंडळातल्या दोघांना बोलावलं. आले! जुना चिटणीस माझ्या दारात टोपी हातात घेऊन उभा होता.

दुसऱ्या दिवशी ओठ रिकामा. गिळली त्याने. त्या दोघांच्या बुटांच्या आवाजाने बिथरला असणार. आठवड्याने मादीही गेली.

मला मादी हवी, लगेच. म्योकेल डिसेंबरात पुन्हा जातोय. यात कुचराई केलीस तर आईचं नाव काढू नकोस. मादी आली, वीण झाली, की वसंतात आई तुझ्याकडे येईल. हा माझा शब्द. ती दिवसभर टाकीपाशीच बसून असते.

ए. क्रुमबीगल


ल्यूबेक, ११ डिसेंबर १९७८
(हाम्बुर्गच्या भावाच्या पत्त्यावर)

म्योकेलकाका,

काल स्थानकावर मी तुम्हांला नीट निरोपही दिला नाही. राग तुमच्यावर नाही. तुम्ही निदान बोललात. आई चार एप्रिलला गेली, कबरीवर अजून दगड नाही, आणि मी मेमध्ये तिला मोठ्या बटणांचं जाकीट पाठवलं. तुम्ही बाकावर बसून रडलात. मला रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही.

तुम्ही म्हणालात, माझ्या बापाला भीती होती, कळलं तर पोरगी मासे पाठवायची थांबेल. बरोबर ओळखलं त्याने मला.

उद्या दुपारी थर्मास घेऊन येते. त्यात त्याने मागितलेला मासा असेल. तुम्ही बोललात हे त्याला कळू देऊ नका. माझ्यावर एवढे उपकार करा.

गुंडुला


ल्यूबेक, १२ डिसेंबर १९७८

प्रिय बाबा,

मादी पाठवतेय. मिळवायला फार पायपीट झाली. पोट गच्च भरलंय, अंडी आलीच समजा. तुमचा नियम मला पाठ आहे, म्हणून मी तिला बोट लावलेलं नाही. तुम्हीही लावू नका.

आईला सांगा, मी वाट बघतेय.

तुमची लाडकी,
गुंडुला


क्रिमिचाउ, ९ जानेवारी १९७९

गुंडुला,

मादी सुरेख आहे. हात लावलेला नाही, लावणारही नाही.

नव्या वर्षाच्या रात्री आमच्याकडे प्रलय झाला. बर्फाने वीज गेली, घरात श्वासाची वाफ दिसायला लागली. शेगडीवर पाणी तापवून बाटल्या भरल्या आणि टाकीभोवती लावल्या. पांघरुणं कमी पडली, तेव्हा आईने अंगातलं निळं जाकीट काढून दिलं आणि स्वतःच्या हातांनी टाकीला गुंडाळलं. म्हणाली, माझं काय, मासे जगू देत.

दोघंही जगले.

ए. क्रुमबीगल


ल्यूबेक, ४ फेब्रुवारी १९७९

प्रिय बाबा,

आईने जाकीट काढून दिलं हे वाचून मी फार वेळ पत्र हातात धरून बसले होते. तिला थंडी नाही ना बाधली? गुडघे कसे आहेत? टाकीपाशी बसते ना अजून?

मी एक ठरवलंय. जूनमध्ये तुम्हांला पासष्ट पूर्ण होतील, म्हणजे तुम्हांलाही इकडे यायची मोकळीक. दोघं मिळून या. योहानाला आतापासून आजोबा शिकवतेय. मात्र पिल्लं घेऊन या, त्याआधी नको. इथल्या मंडळाच्या लोकांना मी तुमच्याबद्दल सांगितलंय, ते स्थानकावर घ्यायला येणार आहेत. तुमच्यासाठी व्याख्यान ठेवणार आहेत. पडद्यावर फोटो, पुढे पाण्याचा पेला, सगळं.

मादीला त्रास देऊ नका. धीर धरा.

गुंडुला


क्रिमिचाउ, २५ मार्च १९७९

गुंडुला,

व्याख्यान मजकुरासकट तयार केलं आहे. नवा शर्ट शिवायला टाकला.

अजून काही नाही. पाणी गार केलं, गरम केलं, पुन्हा गार केलं. मादीचं पोट ओसरलं. दोघं एकमेकांना शेपटीने हाणतात. प्रियाराधन असावं. चिटणीस दर रविवारी येतो आणि विचारतो. मी म्हणतो, या आठवड्यात होईल.

योहानाला मासे आवडतात का? फोटोत तिची हनुवटी आपल्याकडची आहे.

आई बरी आहे.

बाबा


क्रिमिचाउ, २० मे १९७९

प्रिय गुंडुला,

मन घट्ट कर. तुझी आई परवा गेली. शांतपणे, झोपेत. शेवटी तुझंच नाव घेतलं. मी हात धरून बसलो होतो. सगळं उरकलं आहे, तू यायचा प्रयत्न करू नकोस.

आता इथे कोणी नाही. चिटणीस यायचा थांबला. गेल्या बैठकीत म्हणे माझी नक्कल केली कोणी, ‘या आठवड्यात होईल’. म्योकेलसुद्धा रस्ता ओलांडून जातो, का ते कळत नाही. रात्री पंपाचा आवाज बंद केला तर घर इतकं गप्प होतं, की मी तो परत चालू करतो.

पिल्लं नसली तरी मी आलो तर चालेल ना? व्याख्यान नको. चौदा जूनला पासष्ट होतात, पंधराला अर्ज टाकतो. मला योहानाला बघायचं आहे. मी कोपऱ्यातल्या खाटेवर पडून राहीन. आईसाठी आणलेल्या.

तुझा,
बाबा


ल्यूबेक, ३ जून १९७९

बाबा,

आई गेल्याचं तुमचं पत्र मिळालं. तेरा महिने उशिरा मिळालं. मला डिसेंबरातच कळलं होतं, आल्टोना स्थानकावर, बाकावर बसून.

ती मेल्यावर तुम्ही तिला आशीर्वाद द्यायला लावलंत. तिच्या गुडघ्यांत दुखणं घातलंत. मी पाठवलेलं जाकीट तिच्या अंगावर चढवलंत आणि बर्फात तिच्याकडूनच ते काढून घेतलंत. दिवसभर तिला टाकीपाशी बसवलंत, तिच्याच शिवणयंत्राच्या जागी. आणि आता, स्वतःला गाडीत बसायचं आहे म्हणून, तिला पुन्हा मारलंत. हात धरून बसला होतात म्हणे. पहिल्या वेळी कुठे बसला होतात, तेही काकांनी सांगितलं. मंडळात, माझं चित्र सगळ्यांना दाखवत.

आता तो खेळण्यातला आरसा घ्या. तुमची भरल्या पोटाची मादी बरणीत काढा, बरणी दोन विटांवर ठेवा आणि वाका. टोक निमुळतं दिसेल. दोन्ही नर आहेत. पोट मी अळ्या चारून भरलं होतं. हात लावायचा नाही हा नियम तुमचा, आणि तुम्ही तो मोडणार नाही याची मला खात्री होती. ओळखायला शिकवलंत तुम्हीच, आणि चांगलं शिकवलंत. खरी मादी मी माझ्याकडे ठेवून घेतली. तिला मी इथला नर आणला. गेल्या महिन्यात पिल्लं झाली. योहाना त्यांना वाळवलेल्या अळ्या कुस्करून घालते.

आईने खिशात उकडलेलं अंडं ठेवलं होतं. चुलीवरून नुकतं काढलेलं, रुमालात बांधून, आणि कागदाच्या पुडीत मीठ. सहलीच्या डब्यात वेगळं होतंच. म्हणजे मी परत येणार नाही हे तिला ठाऊक होतं, आणि तुमच्यासमोर माझा कोट नीट करताना तिच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. गाडी सुटेपर्यंत ते माझ्या मांडीला गरम लागत होतं. तुम्ही लिहिलंत, तिला आठवत नाही म्हणाली.

योहानाला विचारलं, क्रिमिचाउचे आजोबा कोण? तिला आठवत नाही म्हणाली.

येऊ नये असं मी म्हणत नाही. कागदपत्रांना वेळ लागतो. शरदात बघू.

गुंडुला